एकगठ्ठा दुरुस्ती

३ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं ठेवतात. आणि मी आजपासून 'कोर्स डिझाइन विभाग प्रमुख' आहे.

विभागातली माणसं: मी. विभागाची जागा: जिन्याखालची खोली. इथे आधी मोडक्या खुर्च्या ठेवायचे. त्यातली एक अजून आहे, तीच मला मिळाली. कोपऱ्यात सरावाचा रबरी बाहुला आहे, त्याला अंघोळ घालून बायका शिकतात. तो एकटक माझ्याकडे बघत होता. त्याचं तोंड भिंतीकडे केलं. प्रमुखावर नजर ठेवलेली मला चालत नाही.

काम लिहून ठेवतो, पुढे आत्मचरित्रात लागेल. आमची संस्था अंथरुणाला खिळलेल्या माणसांची घरी देखभाल करणारे मदतनीस तयार करते. आजवर वर्गात शिकवायचो, गेल्या वर्षापासून ऑनलाइन. सगळे धडे सिस्टरांनी लिहिलेत. सिस्टर म्हणजे मोठ्या हॉस्पिटलातून रिटायर झालेल्या हेड नर्स. लिहिले म्हणजे मोबाइलला सांगितले, मोबाइलनं लिहून घेतले. जसं सुचेल तसं. शिस्त नाही, रचना नाही.

डायरेक्टर मॅडम म्हणाल्या की धडे नीट लावून सारखे करा. एक मार्चला नवी बॅच सुरू होतेय, त्यातल्या बायकांनी हातातली कामं सोडून नावं घातलीत, तेव्हा तारीख हलणार नाही. मी म्हणालो, हलायचा प्रश्नच येत नाही.

सिस्टर म्हणाल्या, एकेक धडा उघड, वाच आणि मगच हात लाव. त्या सगळ्यांनाच अरे-तुरे करतात, मॅडमनासुद्धा. मी त्यांना नम्रपणे सांगितलं की मी डिझाइनर आहे, वाचक नाही.

यावर त्या वळून निघून गेल्या. बहुधा पटलं असावं.

४ फेब्रुवारी
संकल्प: रोज दहा धडे. सकाळी पाच, जेवणानंतर पाच. महिन्याच्या आत काम फत्ते, वर चार दिवस हातात.

आज दोन झाले. धडा उघडायला वेळ लागतो, सेव्ह करायला त्याहून जास्त, आणि मधे ते गोल गोल फिरणारं चक्र. चक्राकडे बघून डोळे दमतात. उद्या अठरा करणार.

५ फेब्रुवारी
एकही नाही. खुर्चीचं एक चाक निघालं. माणसानं तिरकं बसून विचार तरी कसा करायचा?

८ फेब्रुवारी
घरची परिस्थिती नोंदवतो, कारण तिचा कामावर परिणाम होतो आहे.

बाबा बाथरूममध्ये घसरले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आता घरी आहेत. पुढच्या खोलीत त्यांचा पलंग टाकलाय. बाबा शाळेत पी.टी.चे मास्तर होते. आता आडवे आहेत, पण आवाज अजून मैदानावरचा आहे. पाणी हवं असलं तरी अख्ख्या बिल्डिंगला कळतं.

त्यांचं सगळं बायको करते. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे. सकाळी लॅबला जायच्या आधी, मधे सुट्टीत येऊन, परत संध्याकाळी. आज म्हणाली की निदान कुशीवर वळवायला तरी शिकून घे. मी हसून तिला आठवण करून दिली की याच विषयाच्या अख्ख्या कोर्सचा मी प्रमुख आहे. तिनं विचारलं, त्यातला एक तरी धडा वाचलास का? मी म्हणालो, मी रचनेच्या अंगानं बघतो.

आतून बाबा ओरडले, "रचना पुरे, माझी उशी सरकलीय!"

बायको गेली. मी जाणारच होतो.

१० फेब्रुवारी, दुपारी
शोध लागला!! आजची तारीख लाल शाईनं लिहायला हवी होती. विभागात लाल पेन नाही.

धड्यांच्या यादीच्या वर, डाव्या कोपऱ्यात एक बारीक चौकोन आहे. त्यावर टिचकी मारली की सगळ्या धड्यांवर एकदम खूण होते. सगळ्या! मग वरती पट्टी उघडते: हलवा, नाव बदला, रचना लावा, शोधा आणि बदला, काढून टाका. थोडक्यात, एकगठ्ठा दुरुस्ती. जे एका धड्याला करायचं ते सगळ्यांना एका झटक्यात.

आणि मी आठवडाभर एकेक धडा उघडत बसलो होतो, एखाद्या कारकुनासारखा. (एकूण पाच उघडले, पण मुद्दा तो नाही.)

चौकोनावर पाच-सहा वेळा टिचकी मारून पाहिली. सगळे धडे एकसाथ निळे होतात, पुन्हा एकसाथ पांढरे. परेडला हुकूम द्यावा तसं वाटतं. बाबांचं आयुष्य कसं गेलं असेल याची थोडी कल्पना आली.

११ फेब्रुवारी
पहिली मोहीम: डुप्लिकेट.

यादीत 'हात धुणं' हा धडा वारंवार येतो. अंघोळीच्या आधी हात धुणं. औषधाच्या आधी हात धुणं. औषधानंतर पुन्हा हात धुणं. मोबाइलला सांगताना सिस्टर आधी काय सांगितलं ते विसरत असणार. वयोमान. त्यांना न दुखावता मी गुपचूप एक ठेवला, बाकीचे खूण करून काढून टाकले. सॉफ्टवेअरनं विचारलं, तुमची खात्री आहे का? मी म्हणालो (मोठ्यानं), आहे!

यादी केवढी तरी सुटसुटीत झाली.

१२ फेब्रुवारी
दुसरी मोहीम: क्रम.

धडे कोणत्या हिशेबानं लावलेत काही कळत नाही. 'औषध देणं' कुठेतरी मधेच, 'अंघोळ घालणं' त्याच्याही नंतर. शिकणाऱ्या बाईला धडा सापडायचा कसा? वर्णमाला मग आहे कशाला? सगळे निवडले, 'नावाप्रमाणे लावा' दाबलं. अ पासून ह पर्यंत ओळीनं उभे.

उरलेला दिवस मोकळा मिळाला. प्रत्येक धड्याला फिकट जांभळा रंग दिला. नंतर हिरवा. मग पुन्हा जांभळा.

१४ फेब्रुवारी
बायकोचं आठवडाभराचं ट्रेनिंग ठरलंय, परगावी. नवीन मशीन आलंय लॅबमध्ये. चोवीस तारखेला निघणार. तिनं विचारलं, जमेल ना तुला? मी म्हणालो, माझी पद्धत एकदा बसली की तुझ्या गैरहजेरीत बाबांना फरकसुद्धा जाणवणार नाही. तिनं कपाळाला हात लावला. डोकं दुखत असेल.

१७ फेब्रुवारी
तिसरी आणि सर्वांत मोठी मोहीम: सभ्यता.

मॅडमनी एक धडा वाचला. (त्या वाचतात. त्यांना वेळ असतो.) म्हणाल्या, सिस्टर सगळ्यांना 'तू' म्हणतात ते समोर ठीक आहे, पण ऑनलाइन कोर्समध्ये चाळिशीच्या बायकांना 'तू हे कर, तू ते कर' बरं दिसत नाही. तेवढं 'तुम्ही' करा, आणि त्याप्रमाणे पुढची क्रियापदंही.

क्रियापदांचं नंतर बघू. आधी मुळावर घाव. सगळे धडे निवडले. शोधा: तू. बदला: तुम्ही. 'सर्वत्र' वर खूण. ओके.

चक्र फिरलं. फिरतच राहिलं. मी तोवर चहा घेऊन आलो. आलो तर पडद्यावर हिरव्या अक्षरांत: बदल यशस्वी.

इतके बदल झाले होते की माझाच माझ्यावर विश्वास बसेना. सिस्टर 'तू' जरा जास्तच वापरतात असं वाटलं. पण मग अभिमान वाटला. एका टिचकीत एवढा आदर आजवर कुणी निर्माण केला नसेल.

लवकर घरी आलो. वाटेत खुर्चीसाठी एक गादी घेतली.

१८ फेब्रुवारी, सकाळी
प्रकाशित केलं! जुन्या बॅचलाही नवा कोर्स लगेच दिसेल. 'विद्यार्थ्यांना कळवा' वर आधीच खूण होती, ती तशीच राहू दिली. चांगली गोष्ट जगाला कळायला हवी.

१८ फेब्रुवारी, दुपारी
फोन वाजतोय. कौतुकाचे असणार. जेवून घेतो आधी.

१८ फेब्रुवारी, संध्याकाळी
कौतुकाचे नव्हते.

'विद्यार्थ्यांना कळवा' याचा अर्थ एक निरोप असा मी घेतला. सॉफ्टवेअरनं बदललेल्या प्रत्येक धड्याचा वेगळा निरोप प्रत्येकीला पाठवला. जुन्या बॅचच्या मुली आता घरोघरी कामाला आहेत. सकाळभर त्यांचे फोन टिंग टिंग करत होते. एकीच्या पेशंट आजी आठवड्यानंतर पहिल्यांदा शांत झोपल्या होत्या. त्या उठल्या.

पण तो किरकोळ भाग. त्या बॅचची एक जण आहे, तिला सगळ्या मॉनिटर म्हणतात. ती म्हणाली की सर, एक शंका आहे. नखं कापण्याच्या धड्यात लिहिलंय, नखांत जंतुम्ही लपून बसतात. हे जंतुम्ही म्हणजे आम्ही का?

मी म्हणालो, तुमच्या फोनचा फॉन्ट खराब आहे.

ती म्हणाली, मग सगळ्याच फोनांचा खराब आहे. आमच्या ग्रुपवर सकाळपासून तेच चाललंय. पुढच्या ओळीत लिहिलंय, जंतुम्ही दिसत नाहीत म्हणून नाहीत असं समजू नकोस, साबणानं खसखसून मार. दोघीतिघींना फार लागलंय, सर. आम्ही रोज लोकांचं हगणं-मुतणं काढतो आणि संस्था आम्हाला जंतू म्हणते.

फोन ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा सिस्टरांचा एक धडा पूर्ण वाचला. "तुम्ही आधी खिडकीतुम्हीन उजेड येऊ दे. रुग्णाच्या हातुम्हीन चमचा सुटतो का बघ. टोकदार वस्तुम्ही दूर ठेव."

मराठी भाषेत 'तू' कुठे कुठे लपून बसला आहे याची मला कल्पना नव्हती. कुणालाच नसेल. यात माझी चूक कमी आणि भाषेची जास्त.

१९ फेब्रुवारी
उपाय अगदी सोपा होता, घाबरलो होतो म्हणून सुचला नाही. उलटं करायचं! शोधा: तुम्ही. बदला: तू. ओके. बदल यशस्वी.

तपासलं. जंतू जंतूंच्या जागी, वस्तू वस्तूंच्या जागी, खिडकीतून उजेड. संकटात डोकं थंड ठेवणं हा माझा गुण आहे, मीच म्हणतो म्हणून नाही.

निरोपाची खूण यावेळी काढली. शिकतो माणूस.

२० फेब्रुवारी
धड्यांत मुळातही 'तुम्ही' होते. सिस्टर शिकणारीला 'तू' म्हणतात, पण शिकणारीनं रुग्णाशी कसं बोलायचं ते लिहिताना तुम्ही-आम्ही करतात. आजोबा, तुम्ही डाव्या कुशीवर वळा. काकू, तुम्ही घाबरू नका, मी धरलंय. अशी वाक्यं पानोपानी. मला कुणी सांगितलं नव्हतं.

एक नवखी मुलगी एका रिटायर्ड न्यायाधीशांकडे लागलीय. ती फोन समोर ठेवून त्यातली वाक्यं जशीच्या तशी म्हणते. आज म्हणाली, साहेब, तू तोंड उघडा.

साहेबांनी तोंड उघडलं, पण औषधासाठी नव्हे.

मॅडमनी बोलावलं. आवाज चढवला नाही, ते जास्त वाईट. त्यांच्यासमोर कोर्स उघडा होता. म्हणाल्या, पहिला धडा 'अंघोळ घालणं', नंतर 'कपडे उतरवणं'. हे कसं?

मी म्हणालो, अ आधी येतो, क नंतर.

म्हणाल्या, आणि 'मृत्यूनंतर काय करायचं' झाल्यावर 'रुग्णाशी पहिली भेट'?

मी म्हणालो, म, य, र.

मग त्यांनी शेवटी काय आहे ते वाचलं. शेवटी 'हात धुणं' होतं. एकदाच. सगळं झाल्यावर.

२१ फेब्रुवारी
आजारी आहे. (पोट.)

२२ फेब्रुवारी
सॉफ्टवेअर कंपनीच्या मदत केंद्राशी चॅट केलं. तिकडचा माणूस अतिशय नम्र. म्हणाला की काळजी करू नका, प्रत्येक धड्याची मागची आवृत्ती जपून ठेवलेली असते, काढून टाकलेले धडेही कचरापेटीत आहेत. मी सुटकेचा निःश्वास टाकून विचारलं, ते सगळं एका झटक्यात परत आणायचं बटण कुठे आहे?

नाहीये. एकेक धडा उघडायचा. मागची आवृत्ती निवडायची. खात्री आहे का, हो. सेव्ह. चक्र.

थोडक्यात, चुका एकगठ्ठा करायची सोय आहे, निस्तरायची नाही.

आणि मूळ क्रम? तो कुठेच नोंदलेला नाही. तो फक्त सिस्टरांच्या डोक्यात आहे.

२३ फेब्रुवारी
मॅडमनी निर्णय दिला. बॅच एक तारखेलाच सुरू होईल. बायको गावाला जाणार असल्यानं मला घरून काम करायची परवानगी, पण सिस्टर शेजारी बसून एकेक धडा परत लावून घेणार. सिस्टर व्हिडिओ कॉल करत नाहीत. घरी येणार.

सिस्टरांना या प्रकारावर काय वाटलं ते मी विचारलं नाही. त्यांनी ते तरीही सांगितलं. इथे लिहीत नाही.

२४ फेब्रुवारी, सकाळी
बायको गेली. जाताना दारात तीनदा सांगितलं: दर दोन तासांनी कूस बदल, पाठ कोरडी ठेव, चादरीला सुरकुती नको. मी म्हणालो, निर्धास्त जा.

संकल्प: बाबांचं वेळापत्रक. रंगीत.

२४ फेब्रुवारी, संध्याकाळी
वेळापत्रक छान झालंय. जांभळा म्हणजे डावी कूस, हिरवा म्हणजे उजवी. करता करता दुपार झाली, त्यामुळे दोन-तीन वेळा वळवायचं राहून गेलं. मग एकदा वळवायला गेलो. हात धरून ओढलं. बाबा असे ओरडले की वरच्या मजल्यावरचे शिंपीकाका सुई-दोरा हातात घेऊनच खाली आले. बाबा म्हणाले, मला वळवतोयस का रस्सीखेच खेळतोयस?

पुन्हा हात लावला नाही. बाबांनाही नकोच होतं. पाठीवर पडून चांगले दिसत होते.

२६ फेब्रुवारी
हे नीट लिहायला हवं.

सिस्टर सकाळी आल्या. मी लॅपटॉप उघडून, त्यांच्यासाठी गादीची खुर्ची लावून तयार होतो. त्या थेट मोरीत गेल्या, हात धुतले, आणि बाबांच्या पलंगाशी गेल्या. माझ्याकडे बघितलंही नाही. बाबांना म्हणाल्या, "सर, मी आता तुम्हाला उजव्या कुशीवर घेणार आहे. दुखलं तर सांगा." बाबांचा गुडघा वाकवला, एक हात खांद्यामागे, एक कमरेला, आणि बाबा पान उलटावं तसे वळले. ओरडले नाहीत. मी पहिल्यांदाच पाहिलं की बाबांना न ओरडताही वळता येतं.

मग त्यांनी मला जवळ बोलावलं. माकडहाडापाशी लाल चट्टा होता, रुपयाएवढा. म्हणाल्या, बोट दाब. दाबलं. पांढरं झालं नाही. लालच राहिलं.

मी विचारलं, डास असेल का?

त्यांनी विचारलं की शेवटचं कधी वळवलंस? मी भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बघितलं. त्यांनीही बघितलं. मग म्हणाल्या, हे बरोबर आहे. पण हे भिंतीला कळून काय उपयोग?

कातडी अजून फाटली नव्हती. आणखी दोन दिवस असेच गेले असते तर फाटली असती, असं त्या म्हणाल्या. मग जखम, आणि या वयात ती भरत नाही लवकर. हे सगळं त्यांनी हळू आवाजात सांगितलं, बाबांना ऐकू जाणार नाही असं. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. मला त्यांची फक्त मान दिसत होती. मान फार बारीक झालीय. कधी झाली, माहीत नाही.

सिस्टर म्हणाल्या, चल, बस. पहिला कोणता धडा परत आणायचा? मी म्हणालो, क्रमानं जाऊ. त्या म्हणाल्या, नाही. 'कुशीवर वळवणं' आण.

उघडला. मागची आवृत्ती. खात्री आहे का. होती असं नाही, पण हो म्हणालो. चक्र फिरलं. मग त्या म्हणाल्या, मोठ्यानं वाच.

वाचला. "तू घाई करू नकोस. तुला घाई असेल तर आधी बाहेर जाऊन ये. रुग्णाला आधी सांग तू काय करणार आहेस. तो पोतं नाही. त्याला घाबरायला वेळ दे, मग धीर दे, मग हात लाव."

वाचून झालं. मग सिस्टर म्हणाल्या की दोन तास होत आलेत, ऊठ. मी पलंगाकडे निघालो तर त्यांनी वाटेत अडवलं. हात.

मी म्हणालो, सकाळी धुतलेत. त्यांनी नुसतं मोरीकडे बोट दाखवलं.

वळवलं. पहिल्या वेळी बाबा ओरडले. दुसऱ्या वेळी अर्धं ओरडले.

२७ फेब्रुवारी
दिवसभर धडे. एकेक. वाचून. मधे मधे बाबा. प्रत्येक वेळी आधी हात, नंतर हात. कचरापेटीतून 'हात धुणं' एकेक करून बाहेर काढले. सिस्टर प्रत्येक वेळी म्हणायच्या, हा औषधाच्या आधी. हा नंतर. हा परत आधी.

मी विचारलं, एकदा लिहून 'दर वेळी धुवा' म्हटलं असतं तर? म्हणाल्या, तसं लिहिलं होतं पहिल्या वर्षी. कुणी धुवत नव्हतं.

माझ्या हातांची सालं निघायला आली आहेत.

२८ फेब्रुवारी
संपलं. क्रमासकट. अंघोळीच्या आधी कपडे उतरतात, मृत्यू शेवटी आहे, जंतू जंतू आहेत. 'तू' जिथे होता तिथे ठेवला. मॉनिटरला विचारलं होतं, तुम्हा सगळ्यांना 'तुम्ही' हवं का? ती म्हणाली, नको सर, सिस्टरांचं 'तू' आम्हाला चालतं. तुमचं 'तुम्ही' नको.

मॅडमनी ते मान्य केलं. चट्टा फिका झालाय. दोन्ही गोष्टींचं श्रेय वाटून घ्यायला मी तयार आहे.

१ मार्च
बॅच सुरू झाली, वेळेवर. मॅडमनी माझं लॉगिन बदललं. आता आत गेलं की तो डावीकडचा बारीक चौकोन दिसत नाही. वर माझं पद येतं: विद्यार्थी.

मला वाटलं तांत्रिक बिघाड. नाही. मी हाच कोर्स पूर्ण करायचा, सिस्टरांकडे प्रात्यक्षिक द्यायचं, पास झालो की पद आणि चौकोन परत. तोवर अर्धा दिवस ऑफिस, अर्धा दिवस घरी सराव. पेशंट घरचाच.

नेतृत्वानं अधूनमधून तळागाळात जावं असं माझंही मत आहे.

३ मार्च
बायको आली. बाबांची पाठ बघितली, चादर बघितली. मला विचारलं, कुणाला लावलं होतंस? मी छाती फुगवून म्हणालो, मी! ती बाबांकडे वळली. त्यांनी छताकडे बघत मान हलवली, हो अशी.

ती आत गेली. नंतर स्वयंपाकघरात बराच वेळ नळ सुरू होता. भांडी तर घासलेली होती.

१२ मार्च
दुपारी एक ते संध्याकाळ: बाबा. आता मी वळवताना बाबा मोजतात, एक, दोन, अन् तीनला उचल. कवायत घेतल्यासारखी. अंघोळ घालताना पाणी कुठून ओतायचं ते सांगतात, चुकलं की शिट्टी वाजवतात. शिट्टी नवीन आहे. कुणी आणून दिली कळत नाही. शिंपीकाकांवर संशय आहे.

बाबांनी आज शाळेतल्या कुठल्याशा मॅचची गोष्ट सांगितली. लांबलचक. मी पाठ पुसत होतो, त्यामुळे उठून जाता आलं नाही. शेवटी हरले ते. मला वाटलं होतं जिंकतील.

२० मार्च
ऑनलाइन चाचणी: पहिल्या फटक्यात पास. कोर्सची रचना किती उत्तम आहे याचा हा पुरावा.

प्रात्यक्षिक एकतीसला, घरीच. मॅडमना आजच ईमेल केला की एक एप्रिलपासून मी पूर्णवेळ रुजू होतोय, खुर्चीचं चाक तेवढं बसवून ठेवा. काही नव्या कल्पनाही कळवल्या. त्यांचं उत्तर: 'आधी पास व्हा.'

३१ मार्च, दुपारी
प्रात्यक्षिक झालं. माझ्यासारखं कुणाचंच झालं नसेल. हात धुतले, कोपरापर्यंत. सांगून हात लावला. गुडघा, खांदा, कंबर. बाबा वळले, आवाजसुद्धा नाही. चादरीला एक सुरकुती नाही. सिस्टर चष्मा वर करून बघत होत्या, त्यांना बोट ठेवायला जागा मिळाली नाही.

शेवटी मला बाहेर पाठवलं. रुग्णाशी एकट्यानं बोलायचं असतं परीक्षकानं. बंद दाराआडून बाबांचा आवाज येत होता, पण शब्द कळेनात. बाबा हळू बोलत होते. बाबा!

आता निकालाची वाट. पेढ्यांची ऑर्डर देऊ का?

१ एप्रिल
निकाल आला. पडद्यावर, सिस्टरांच्या भाषेत: तू नापास झालास. पुन्हा तयारी कर.

आधी तारीख बघितली. मग लॅपटॉप बंद करून सुरू केला. मग सिस्टरांना फोन लावला आणि सभ्य पण ठाम शब्दांत विचारलं की चुकलं काय.

त्या म्हणाल्या, काहीच नाही. हात चांगला बसलाय तुझा.

मग?

म्हणाल्या, काल तुझ्या बाबांना नेहमीचा प्रश्न विचारला, हा पास करण्याजोगा झालाय का? त्यांनी मलाच उलट विचारलं, पास झाला की काय होतं? मी सांगितलं, पूर्णवेळ ऑफिसला जाईल. त्यावर त्यांनी दाराकडे बघितलं. मग म्हणाले, सिस्टर, महिनाभर थांबा.

मी म्हणालो, हे नियमात बसत नाही. सिस्टर म्हणाल्या, पुढचं प्रात्यक्षिक तीस एप्रिलला, आणि फोन ठेवला.

तरातरा पुढच्या खोलीत गेलो. पलंगासमोर कमरेवर हात ठेवून बाबांना जाब विचारला, असं का केलंत म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर आवाज चढवला.

बाबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "बोल नंतर. आधी वळव."

हात धुवायला गेलो.